चाळीस मिनिटांत गाणं, चित्र आणि गणित : सेवाग्रामच्या शाळेतली कला

१९३७ च्या डिसेंबरात डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नव्या राष्ट्रीय शिक्षणाचा आराखडा गांधीजींकडे सोपवला. त्यात शाळेच्या दिवसाची वाटणी मिनिटांपर्यंत करून दिली होती. दिवस साडेपाच तासांचा. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे कताई-सुतारकामासारख्या मुख्य हस्तोद्योगाला, ४० मिनिटं मातृभाषेला, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३०, व्यायामाला १० आणि मधल्या सुट्टीला १०. उरलेली ४० मिनिटं संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांत मिळून होती.

प्राथमिक शाळेत कला हवी की नको, या चर्चेत मला हे वेळापत्रक पुन्हापुन्हा आठवतं. आपल्याकडे कलेची बाजू मांडताना उदाहरणं दिली जातात ती बहुधा भरल्या घरच्या शाळांची. स्वतंत्र कलादालन, परदेशी रंग, वर्गात पंचवीस मुलं. मग दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी साहजिकच म्हणतात की हे आमच्यासाठी नाही. सेवाग्राम त्या यादीत बसत नाही. वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरचं खेडं, मातीच्या भिंती, गरीब घरची पोरं. वर शाळेचं तत्त्वच असं, की मुलाने हाताने काही उपयोगी बनवावं आणि त्या उत्पन्नातून शाळेचा खर्च जमेल तेवढा निघावा. ‘चित्र काढून काय मिळणार?’ हा प्रश्न याहून रोखठोकपणे दुसऱ्या कुठल्या शाळेत विचारला गेला असेल असं मला वाटत नाही. आणि त्याच शाळेत १९४४ साली देवी प्रसाद नावाच्या चित्रकाराला कलाशिक्षक म्हणून आणलं गेलं. तो तिथे १९६२ पर्यंत राहिला. या नेमणुकीने काय साधलं आणि काय साधलं नाही, हा या अभ्यासाचा विषय आहे.

अहवालातली दोन मनं

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं सक्तीचं आणि मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक उद्योगाभोवती गुंफलेलं, अशी तिची दिशा ठरली. अभ्यासक्रम तयार करायला जी समिती नेमली, तिच्यात विनोबा होते, काका कालेलकर होते, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा होते, आणि शांतिनिकेतनातून आलेलं आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्यही होतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही दिशा मान्य केली आणि लगेच हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. सेगाव हे त्याचं घर; या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं.

वेळापत्रकाकडे नुसतं पाहिलं तर चित्रकलेला एका कोपऱ्यात बसवल्यासारखं वाटतं. पण अहवालाला न्याय द्यायचा तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मूलोद्योगाचे ३ तास २० मिनिटं म्हणजे तेवढा वेळ नुसती टकळी (सूत कातायची हातचाती) फिरवणं नव्हे. समवाय पद्धतीत त्या कामातूनच मोजमाप, भूगोल, विज्ञान उलगडायचं होतं. दुसरी गोष्ट, चित्रकलेचे जे हेतू समितीने मांडले ते वाचण्यासारखे आहेत. आकार आणि रंग यांतला फरक टिपायला डोळ्याला वळण लावणं, आकारांची स्मृती वाढवणं, निसर्गातलं आणि कलेतलं सौंदर्य ओळखून त्याचा आस्वाद घेता येणं, नीटनेटकी रचना आणि सजावट सुचणं, आणि जी वस्तू बनवायची तिचं कामाचं रेखाटन करता येणं.

यातले शेवटचे दोन हेतू सरळसरळ उद्योगाच्या कामी येणारे आहेत. सुताराला रेखाटन लागतं, विणकराला नक्षी लागते. पहिल्या तिघांचा मात्र बाजाराशी काही संबंध नाही. ते मुलाच्या पाहण्याविषयी आहेत. म्हणजे ज्या अहवालाने चित्राला ४० मिनिटांतला तिसरा हिस्सा दिला, त्यानेच ‘पाहायला शिकवणं’ हे शाळेचं काम म्हणून लिहून ठेवलं. एकाच कागदावर अशी दोन मनं आहेत, आणि पुढची सगळी गोष्ट या दोघांच्या ओढाताणीतून घडते.

ही ओढाताण तेव्हाच्या लोकांनाही दिसत होती. रवींद्रनाथांनी या योजनेवर आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर. कागदावर तरी ही योजना व्यक्तिमत्त्वाच्या वाढीपेक्षा भौतिक उपयोगाला शिक्षणाचं साध्य मानते, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. आत्मचरित्रात स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल लिहिताना त्यांनी म्हटलं आहे, की मुलांना लिहिण्याआधी चित्र काढायला शिकवावं. फुलं, पक्षी पाहून मूल जसं काढतं, तशी अक्षरंही पाहून काढेल. आपल्या पहिलीच्या वर्गात आजही हे उलट चालतं. पोराच्या हातात पेन्सिल आली की पहिल्या दिवशी तिने ‘ग’ गिरवायचा असतो.

नंदलाल बोस हे नाव इथे यायलाच हवं. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपुरात काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, तेव्हा शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख असलेल्या नंदलालबाबूंनी बांबू आणि आसपास मिळणारं साहित्य घेऊन तो परिसर सजवला होता. गांधीजींनी त्यांचं कौतुक केलं. हरिपुऱ्यालाही त्यांची पोस्टरं होती. सुतार, चांभार, ढोल वाजवणारा, धान्य कांडणारी बाई, अशी खेड्यातली माणसं हातकागदावर रंगवलेली. ज्या अधिवेशनात मूलोद्योगाच्या शिक्षणाला मान्यता मिळाली, तिथेच श्रम करणारी माणसं चित्राचा विषय होऊन उभी होती. सेवाग्रामला जो कलाशिक्षक आला, तो या नंदलालबाबूंचाच विद्यार्थी होता.

बावीस-तेवीस वर्षांचा शिक्षक

देवी प्रसाद यांचा जन्म १९२१ चा, देहरादूनचा. कलाभवनात ते १९३८ ते १९४४ शिकले आणि तिथून थेट सेवाग्रामला आले. पुढे त्यांची ओळख झाली ती कुंभारकामातले मोठे कलावंत म्हणून. भारतातल्या स्टुडिओ पॉटरीच्या आरंभीच्या पिढीत त्यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांच्या उमेदीची अठरा वर्षं गेली ती वर्ध्याच्या उन्हात, मुलांमध्ये.

त्यांना मोकळी पाटी मिळाली असं नाही. सेवाग्रामच्या मातीला कलेचं वावडं मुळातच नव्हतं. आज जी बापूकुटी म्हणून आपण पाहतो, तिच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीत उठावाने केलेली झाडं आणि चरखा आहे. घर सारवण्याच्याच मातीतून केलेलं ते काम आहे. वेगळा खर्च नाही आणि वेगळी चौकटही नाही. देवी प्रसादांच्या कामाची रीत या जातीची होती. चित्रकलेची एक तासिका घेऊन ते मोकळे झाले नाहीत. सणासमारंभाची मांडणी, भिंतींची सजावट, मातीकाम, विणकामातले रंग, प्रार्थनेची जागा नीट राखणं या सगळ्यात कला आहे, अशी त्यांची धारणा होती. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमची, म्हणजे याच मूलोद्योगी शिक्षणाची, व्याप्ती पूर्व-बुनियादीपासून (शाळेआधीच्या मुलांपासून) प्रौढांपर्यंत वाढवली गेली, त्यामुळे शाळा आणि वस्ती यांच्यामधली भिंत आणखी पातळ झाली. अशा ठिकाणी कलाशिक्षकाला दिवसभर काम होतं.

हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ४० मिनिटांचं वेळापत्रक तेच होतं. फरक पडला तो शाळेत पूर्ण वेळ असणाऱ्या, स्वतः हाताने काम करणाऱ्या आणि मुलाचं चित्र वाचता येणाऱ्या एका माणसामुळे.

मुलाचं चित्र वाचणं

‘वाचता येणाऱ्या’ या शब्दाशी थोडं थांबायला हवं, कारण प्राथमिक वयातल्या कलेचं मोल इथे दडलेलं आहे आणि शाळेत नेमकं हेच सुटतं.

दोन-तीन वर्षांचं मूल रेघोट्या मारतं. हाताच्या हालचालीची खूण कागदावर उमटते याचाच तो आनंद असतो. पुढे त्या गुंत्यातून गोल सुटा होतो, गोलाला पाय फुटतात, माणूस तयार होतो. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या चित्रात आई घरापेक्षा उंच असते आणि रागीट शेजारी बोटभर. विहिरीची भिंत काढली तरी आतलं पाणी दिसतं. घराच्या भिंतीतून चूल दिसते, आजी दिसते, पोटातल्या वासरासकट गाय दिसते. सात-आठ वर्षांचं झालं की कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ येते आणि सगळी सृष्टी तिच्यावर ओळीने उभी राहते. बैलगाडीची दोन्ही चाकं एकाच बाजूला दिसतात, कारण गाडीला दोन चाकं असतात हे त्या मुलाला पक्कं माहीत असतं.

मोठ्यांच्या नजरेला या चुका वाटतात. त्या चुका नाहीत. मूल दिसतं तसं काढत नाही. त्याला जे माहीत आहे, जे महत्त्वाचं वाटतं, ते काढतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी मुलांच्या कलावर्गातून हे जगापुढे आणलं, चाळीसच्या दशकात व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी या टप्प्यांची शिस्तवार मांडणी केली. देवी प्रसाद याच विचारधारेतले, पण त्यांच्यापुढे मुलं होती ती कापसाच्या शेतात राबणाऱ्या घरांतली.

आता विचार करा, की शिक्षकाला हे ठाऊक नाही. तो मुलाच्या खांद्यावरून वाकतो, ‘अरे, भिंतीतून चूल कशी दिसेल?’ म्हणतो आणि खोडरबराने चूल पुसतो. किंवा अधिक मायेने स्वतःच पेन्सिल घेऊन घर ‘नीट’ काढून देतो. मुलाला त्या क्षणी कळतं की आपलं पाहणं चुकीचं आहे आणि बरोबर घर बाईंकडे असतं. त्यानंतर ते मूल बाईंचं घर काढायला लागतं. महाराष्ट्रभर आपण काय पाहतो? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळण घेत येणारी नदी, एक झोपडी, नारळाचं एक झाड आणि आभाळात इंग्रजी ‘व्ही’सारखे पक्षी. वर्ध्यातही हेच, यवतमाळातही हेच, जिथे मुलाच्या दारात नारळ नाही आणि गावाच्या आसपास तसले डोंगरही नाहीत. त्याच्या वाटेवर पळस आहे, कडुनिंब आहे, पऱ्हाटीचं शेत आहे, बांधावर बसलेला बगळा आहे. ते त्याच्या कागदावर कधीच येत नाही. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. आठ वर्षांच्या मुलाकडे स्वतःचं असं जे थोडंफार असतं, त्यात त्याने पाहिलेलं जग हे सगळ्यात मोठं. आणि शाळा त्याच्यावर एक उसनं डोंगर-सूर्याचं चित्र चिकटवते.

या विचारधारेत शिक्षकाचा पहिला नियम असा असतो, की मुलाच्या कागदावर आपली रेघ ओढायची नाही. दुसरा, नमुना फळ्यावर काढून द्यायचा नाही. मग शिक्षक करतो काय? तो विचारतो. काल बाजारात काय पाहिलंस, बैल वळताना मान कशी करतो, पाऊस पडायच्या आधी आभाळाचा रंग कोणता होता? उत्तर तोंडाने द्यायचं नसतं, म्हणून मूल दुसऱ्या दिवशी बैलाकडे नव्याने पाहतं. अहवालातलं ‘डोळ्याला वळण लावणं’ प्रत्यक्षात होतं ते असं. बाहेरून हे काहीच न करण्यासारखं दिसतं, पण त्याला तयारी फार लागते. कोणत्या वयाला कोणता प्रश्न विचारायचा, कोणत्या मुलाला मोठा कागद हवा, कोणाला माती द्यायला हवी, हे कळायला चित्रांचा आणि मुलांचा दोन्हींचा सराव हवा.

सूत आणि चित्र

सेवाग्रामचं प्रकरण इतर कलाशाळांपेक्षा अधिक शिकवून जातं ते त्या शाळेत टकळी होती म्हणून.

सूतकताईची परीक्षा बाहेर असते. सूत एकसारखं निघालं की नाही, तुटतं किती, अंक (सुताच्या बारीकपणाचं माप) किती, हे तारच सांगते. तिथे मुलाचं मत चालत नाही. हे उत्तम शिक्षण आहे. साहित्याचा स्वभाव ओळखणं, हात स्थिर ठेवणं, चूक झाली तर तिचं कारण शोधणं हे मूल तिथे शिकतं. चित्राची गोष्ट वेगळी आहे. तिथे काय काढायचं, काय सोडायचं, आई केवढी मोठी काढायची, चित्र संपलं कधी, हे सगळे निर्णय मुलाचे असतात. शाळेच्या साडेपाच तासांत असे निर्णय त्याला दुसरीकडे कुठे घेता येतात? गणितात उत्तर ठरलेलं, शुद्धलेखनात शब्द ठरलेले, कताईत प्रमाण ठरलेलं. स्वतः ठरवून, ते निभावून, इतरांसमोर ठेवण्याची जागा या वयात मुख्यतः चित्र, माती, नाटक आणि गाणं हीच असते.

म्हणून उद्योग आणि कला यांना एकमेकांच्या विरुद्ध उभं करणं मला चुकीचं वाटतं. एकाच हाताला दोन्हींची गरज आहे. पण शाळेचा हिशेब मांडताना दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. सुताची लड वजन करून विकता येते. चित्राचं तसं काही होत नाही, आणि जिथे प्रत्येक तासाने आपली किंमत उत्पन्नात दाखवायची आहे तिथे चित्राचा तास नेहमी हरतो. सेवाग्रामला तो टिकला याचं श्रेय आर्यनायकम दांपत्यालाही द्यायला हवं. दोघांनी शांतिनिकेतन पाहिलं होतं. कला नसलेली शाळा कशी असेल याची कल्पना त्यांना करायची नव्हती.

देवी प्रसादांनी या अनुभवावर पुढे जे लिहिलं, त्याचं इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये काढलं. त्याच्या नावातच त्यांची भूमिका आहे : कला हा शिक्षणाचा पाया. ४० मिनिटांतला तिसरा हिस्सा ते इमारतीचा पाया, एवढं अंतर या माणसाने स्वतःच्या कामातून तोडलं.

जे पसरलं आणि जे पसरलं नाही

१९६२ मध्ये देवी प्रसाद लंडनला गेले, वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल या युद्धविरोधी संघटनेचं सरचिटणीसपद सांभाळायला. सेवाग्रामची शाळाही पुढे बंद पडली. दरम्यान देशभर बुनियादी, म्हणजे नई तालीमच्या धर्तीवरच्या, शाळा निघाल्या होत्या. आपल्याकडे जुन्या जिल्हा परिषद शाळांच्या दारावर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशी पाटी अजून दिसते, ती त्या काळाची खूण.

त्या शाळांपर्यंत काय पोचलं? टकळी पोचली. कातायचे कापसाचे पेळू पोचले. तक्ते आणि परिपत्रकं पोचली. जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५५-५६ मध्ये देशातल्या बुनियादी शिक्षणाची पाहणी केली, तोवर त्याला औपचारिकपणा चढल्याचं दिसू लागलं होतं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव ही कल्पना पुढे आणली. आज आपल्या प्रगतिपुस्तकावर कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असं जे त्रिकूट एका दमात येतं, त्याच्या मधल्या नावाचा उगम तिथे आहे.

सेवाग्रामची कला मात्र पोचली नाही. याचं कारण मला अगदी व्यावहारिक वाटतं. टकळी हजारोंनी करून वाटता येते. मुलाचं चित्र वाचणारा शिक्षक तसा वाटता येत नाही. त्याला घडवावं लागतं, नेमावं लागतं, पगार द्यावा लागतो. योजनेत कलेचे हेतू होते, तासिका होती, पण प्रत्येक शाळेसाठी किंवा शाळांच्या गटासाठी माणूस नव्हता. सेवाग्रामला माणूस होता, तो गेला आणि त्याच्या मागे ते काम चालवणारी रचना उरली नाही.

या प्रकरणाची मर्यादाही इथेच सांगतो. सेवाग्राम ही खास शाळा होती. आश्रमाचं वातावरण, ध्येयवादी शिक्षक, गांधीजींच्या नावाचं वलय. तिथली मुलं चांगली घडली असं म्हटलं, तर त्यातलं कलेमुळे किती आणि बाकीमुळे किती हे वेगळं काढता येणार नाही. त्यासाठी दुसरीकडे पाहावं लागतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांची सोडत काढून त्यातल्या निम्म्या शाळांत शहरातल्या कलासंस्थांच्या मदतीने नाट्य, संगीत, नृत्य, चित्र यांची भर घातली गेली. तिसरी ते आठवीची १०,५४८ मुलं या अभ्यासात होती आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कला मिळालेल्या शाळांत शिस्तभंगाची प्रकरणं ३.६ टक्के-अंकांनी कमी झाली, लेखनाच्या परीक्षेतले गुण प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरतात त्या मापाच्या) १३ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याबद्दलची कणव मोजणाऱ्या प्रश्नावलीत प्रमाण विचलनाच्या ८ टक्क्यांनी वाढ दिसली. गणित आणि वाचनाच्या गुणांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ‘चित्र काढलं की गणित सुधारतं’ असं सांगून कला शाळेत आणू पाहणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. उद्या गणित सुधारलं नाही तर त्याच न्यायाने कला बाहेर काढली जाईल. पण कलेला वेळ दिल्याने गणित बुडालं, असंही तिथे झालं नाही. मुख्याध्यापकांच्या मनातली भीती बहुधा हीच असते, त्यांना हा निष्कर्ष दाखवण्यासारखा आहे.

आपल्या शाळेत आज

२००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलाच्या सर्वांगीण विकासाची भाषा बोलतो. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकांचं गणित दिलं आहे. सहावी ते आठवीला, तेही पटसंख्या शंभराहून जास्त असेल तर, कलेसाठी अंशकालीन निदेशक. पहिली ते पाचवीला मुलांच्या संख्येप्रमाणे वर्गशिक्षक, कलेसाठी कोणी नाही. म्हणजे चित्र ज्या वयात मुलाची पहिली भाषा असते, त्या वयासाठी माणूस नाही. आणि ते वय ओलांडून मूल ‘मला चित्र येत नाही’ म्हणायला लागतं, तेव्हा अर्धवेळ माणूस, तोही मोठ्या शाळेत. १९३७ च्या अहवालात कलेला निदान गणिताच्या शेजारी बसवलं होतं.

तासिका आहे. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ आहे, आणि त्यात करण्याजोगं पुष्कळ आहे. पण दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरण्याची कामं, यांत चित्रकलेच्या तासाला काय होतं हे गावोगावच्या शिक्षकांना सांगायला नको. गणिताचा भाग मागे पडलेला असतो, तो पुढे सरकतो. कलेचं मूल्यमापन फक्त आकारिक, म्हणजे लेखी परीक्षेऐवजी शिक्षकाच्या निरीक्षणावरचं, त्यामुळे सत्राच्या शेवटी वर्णनात्मक नोंदी भरायच्या असतात, आणि ‘चित्रकलेत रस घेतो’, ‘रंगसंगती चांगली’ ही वाक्यं तयार यादीतून उतरतात. मी यात शिक्षकाला दोष देत नाही. चित्र पाहायला त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

‘बोलक्या भिंती’ हा आणखी एक प्रकार. गावाने वर्गणी काढून, पेंटर लावून शाळा रंगवायची. मागची भावना खरी असते आणि रंगलेल्या शाळेत पोरं आनंदाने येतात. पण भिंतीवर बोलतो तो पेंटर. फळं, प्राणी, सुविचार, सगळं मोठ्यांच्या हातचं आणि बरंचसं मोठ्यांच्या उंचीवर. मुलाने काढलेल्या चित्राला त्या भिंतीवर हातभर जागा नसते. पुढे सातवी-आठवीनंतर एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन यांची ती शिस्त चांगली आहे आणि कित्येक चित्रकार त्या वाटेने गेले. मात्र दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षेला बसणाऱ्या मुलाने पहिली ते चौथी काय पाहिलं आणि काय काढलं, याची भरपाई ती परीक्षा करू शकत नाही.

सेवाग्रामला नई तालीम समितीने २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा सुरू केली. शेती, सूत, स्वयंपाक, कला यांना धरून ती मराठीतून चालते. वर्ध्याच्या आसपासच्या शिक्षकांनी ती जाऊन पाहावी.

पण एका शाळेवर थांबून चालणार नाही. साहित्याचा प्रश्न फार मोठा नाही : पाठकोरे कागद, गेरू, चुना, काजळी, हळद, ओढ्याकाठची चिकणमाती, काडीला कापूस गुंडाळून केलेले कुंचले. प्रत्येक मुलाची चित्रं तारीख घालून एका फाईलीत ठेवायला खर्च येत नाही, आणि वर्षाअखेर ती फाईल उघडली की तयार यादीतल्या नोंदींची गरजच उरत नाही. सवयीने नारळाचं झाड आलं तर ‘हे झाड कुठे पाहिलंस?’ एवढं विचारायलाही पैसे लागत नाहीत. हे सगळं वर्गशिक्षक उद्यापासून करू शकतात, आणि काही करतातही.

माणसाचा प्रश्न शासनानेच सोडवायला हवा, आणि त्यासाठी लागणारी चौकट आपल्याकडे तयार आहे. जिल्हा परिषदेच्या जवळपासच्या शाळा मिळून एकेक केंद्र केलेलं आहे, केंद्रशाळा आहे, केंद्रप्रमुख आहे. प्रत्येक शाळेला कलाशिक्षक देणं आज कठीण असेल, पण प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ कलाशिक्षक देणं कठीण नाही. एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) झालेली कितीतरी मुलंमुली महाराष्ट्रात नोकरीच्या शोधात आहेत. त्यांना बालचित्राच्या टप्प्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यावं, कारण त्यांच्या पदविकेचा भर मोठ्यांच्या रेखाटनावर असतो. ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जाणं, वर्गशिक्षकाला सोबत घेऊन मुलांबरोबर काम करणं आणि चित्रांच्या फाईली पाहणं हे त्याचं काम असावं. त्याला मतदारयाद्या, सर्वेक्षणं, बदली तास यांतून मोकळं ठेवलं पाहिजे, आणि ते त्याच्या नेमणूकपत्रातच लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय त्याची नेमणूक पहिली ते पाचवीसाठी असावी, म्हणजे मोठ्या वर्गांचे रिकामे तास भरायला त्याला कोणी बोलावणार नाही.